चाळीस मिनिटांची नोंद

त्यांना सगळे पापुद्रेबाई म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. पण सव्वीस वर्षं पापुद्रे सोलल्यावर खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. नव्याने आलेला प्रत्येक संशोधक पहिले दोन महिने त्यांना अदबीने "पापुद्रे मॅडम" म्हणायचा, मग कोणीतरी हसून त्याला खरं काय ते सांगायचं.

काम ऐकायला फार सोपं. चिकटपट्टीवर एक काळा चकचकीत खडा ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची, पुन्हा उघडायची. दर वेळी खड्याचा थर निम्मा होतो. असं करत करत शेवटी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा उरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिकट निळसर डाग दिसतो, तोही ज्याला दिसायचा त्यालाच. इतरांना जिथे नुसती धूळ दिसे तिथे बाई बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा बघ, इथे आहे."

हवा लागली की हा पापुद्रा मिनिटांत सडतो. म्हणून सगळं काम एका पोलादी पेटीत. पुढे जाड काच, काचेला दोन भोकं आणि भोकांना कोपरापर्यंत येणारे काळे रबरी मोजे. पेटीत हवा नाही, नुसता नायट्रोजन. सकाळी एकदा हात त्या मोज्यांत गेले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर निघत नसत. नाक खाजलं तर खांद्याला घासायचं. आत पापुद्रा एका मऊ चिकट ठशावर उचलायचा, नखाएवढ्या चकतीवर नेमका टेकवायचा, तापवायचा आणि मग चाळीस मिनिटं निवू द्यायचा. पुरता निवला की ठसा अलगद सुटतो आणि पापुद्रा जागच्या जागी सपाट राहतो. सगळी करामत थांबण्यात होती. पोरांना तेच जमत नसे.

हात मोज्यांत अडकलेले, मग वहीत लिहायचं कधी? त्यावर तिथल्या कारागिरांनी फार पूर्वीच तोड काढली होती. नोंदवही सकाळीच भरून ठेवायची. नमुना क्रमांक अमुक, तापमान अमुक, निवण्याची वेळ चाळीस मिनिटं. आधी लिहायचं आणि मग लिहिल्याप्रमाणे करायचं. बाईंना ज्यांनी काम शिकवलं तेही असंच करत, आणि बाईंनी त्यात वावगं काही आहे असं कधी मनातही आणलं नाही. का आणावं? लिहिल्याबरहुकूम त्यांच्या हातून होतच असे. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते पाहुण्यांना ती निळ्या पुठ्ठ्याची वही दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे वही म्हणजे शपथ."

घरी बाई आणि त्यांची आई, दोघीच. आई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग दिवस, मग गॅस. एके दुपारी बाईंचे हात मोज्यांत असताना कार्यालयातला शिपाई धावत आला. "बाई, शेजारणीचा फोन आहे. आई घरात नाहीत. गॅस चालू आहे, दार सताड उघडं."

ठसा तापवून झाला होता. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पेटीत पापुद्रा तसाच सोडून जावं तर चाळीस मिनिटांपलीकडे ठसा कायमचा चिकटून बसणार आणि आठवडाभराची मेहनत मातीमोल. थांबावं तर अर्धा तास. बाईंनी तसाच ऊन ठसा उचलला. तो सुटता सुटेना. त्याने पापुद्रा एका बाजूला ओढला, मग सुटला. सूक्ष्मदर्शकाखाली कडेला केसाएवढी सुरकुती दिसली, तीही बाईंच्याच डोळ्यांना दिसावी अशी. बाईंनी चकती डबीत टाकली, डबीवर एक्केचाळीस लिहिलं आणि पळाल्या. आई बस थांब्यावर सापडली, घरातल्या गाऊनवर, एका पायात चप्पल. "तू शाळेतून यायची वाट बघत होते," आई म्हणाली.

उद्या वहीत दुरुस्ती करू, असं बाईंनी त्या संध्याकाळी ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या रजेवर होत्या, आणि तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा प्रयोगशाळेत लोक अक्षरशः नाचत होते. एक्केचाळीस नंबरच्या नमुन्याने कमाल केली होती.

कमाल काय, हे बाईंना तेव्हा कळलं नाही. नमुना मोजणारा उंच संशोधक, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याने बाईंना चक्क खांद्याला धरून गोल फिरवलं. सर सभेत म्हणाले, "हे यश चाळीस मिनिटं थांबू शकणाऱ्या हातांचं आहे." टाळ्या पडल्या. बाई उठून उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. आता टाळ्यांच्या मधोमध कोण सांगणार की दहाच मिनिटं थांबले होते म्हणून? शोधनिबंध छापून आला, त्याच्या शेवटी आभारांमध्ये बाईंचं नाव होतं, खऱ्या आडनावासकट. आईने ते पान चौकट करून भिंतीवर लावायला लावलं आणि रोज सकाळी विचारलं, "हे कोणाचं गं?"

लंबूला त्या निबंधावर मोठ्या जागी नोकरी मिळाली आणि तो गेला. त्याच्या जागी आली ती चष्मिष.

चष्मिष तिशीची होती. काचा इतक्या जाड की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना चष्मा काढून कपाळावर चढवायची आणि मग सगळीकडे तो शोधत फिरायची. बाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती विचारायची. बाकीचे बाईंकडून नमुने घेत, ही शहाणपण मागायची. आणि शिकलेल्या माणसांत विरळाच असतं ते तिच्यात होतं, आपल्याला कळलेलं दुसऱ्यालाही कळावं अशी तिला तळमळ होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने बाईंना सगळं समजावलं.

"बाई, या पापुद्र्यातला एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. निम्म्यांचं तोंड वर, निम्म्यांचं खाली. बेरीज शून्य. म्हणून बाहेरून हा चुंबक वाटतच नाही. पण आत मात्र भेद आहे. उभे धावणारे इलेक्ट्रॉन एका तोंडाचे, आडवे धावणारे दुसऱ्या तोंडाचे. आणि दोघांना बसायला दोन दऱ्या आहेत."

"दऱ्या? एका अणूच्या जाडीत?"

"खऱ्या नाही हो. ऊर्जेच्या. पलंगावरच्या चादरीवर दोन खळगे पडलेत असं समजा. दोन्ही सारखेच खोल, म्हणून दोन्हींत सारखेच दाणे बसतात. आपल्याला काय हवंय, तर आपल्या मर्जीने एक खळगा जास्त खोल करायचा. मग सगळे दाणे तिकडे गोळा होणार, सगळे एकाच तोंडाचे, आणि पापुद्रा बाहेरूनही चुंबक होणार. एक्केचाळीस नंबरमध्ये नुसत्या विजेच्या दाबाने ते झालं असं सर म्हणतात. मला मात्र एक कोडं सुटत नाही."

"कोणतं?"

"दोन्ही खळगे सारखे असतात ते उभी आणि आडवी वीण हुबेहूब सारखी असते म्हणून. वीज वरून द्या, खालून द्या, त्याने उभ्या-आडव्यात फरक पडायचं कारणच नाही. चादर एका बाजूला ताणली असती तर गोष्ट वेगळी. तिळभर ताण पुरे." चष्मिष हसली. "पण तुमच्या हातून गेलेल्या पापुद्र्याला ताण कसला? वहीतच आहे, चाळीस मिनिटं."

बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्या दिवशी त्यांना सगळं कळलं. शाळेच्या पलीकडे न शिकलेल्या त्या बाईला सरांच्या आधी, लंबूच्या आधी, साऱ्या जगाच्या आधी कळलं की एक्केचाळीस नंबरमध्ये काय झालं होतं. आणि त्या मूग गिळून बसल्या.

का बसल्या? भीती होती, हे खरं. वहीत खोटं लिहिणाऱ्या एका कारागिराला सरांनी एका दिवसात घरी पाठवलं होतं, आणि आईच्या औषधपाण्याचा भार प्रयोगशाळेच्या नोकरीवरच होता. पण नुसतं तेवढंच म्हटलं तर ते बाईंवर उपकार केल्यासारखं होईल. खरं कारण त्याहून लहान होतं. "बाईंचा हात" हा तिथे वाक्प्रचार झाला होता. तो हात एकदा घाईत चुकला, हे त्यांना कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी ती झाकूनच ठेवली.

तीन वर्षं गेली. चष्मिषने बाईंकडून एकशे साठ नमुने करून घेतले. प्रत्येक वेळी बाई चाळीस मिनिटं थांबल्या, घड्याळ लावून, पापक्षालन करावं तशा. प्रत्येक नमुना सपाट, सुंदर आणि निकामी. चष्मिष वाळत गेली. दर दोन-चार आठवड्यांनी ती पेटीपाशी येऊन तेच विचारायची, "बाई, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का हो? काहीही? पट्टी वेगळी होती? खडा वेगळा? आठवून बघा ना." बाई काचेतून आत बघत म्हणायच्या, "नाही गं. नेहमीसारखंच." मधल्या काळात आई गेली. चष्मिष स्मशानापर्यंत आली, रात्रभर बाईंजवळ राहिली आणि सकाळी त्यांचे केस विंचरून दिले. त्या सकाळी शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते. चष्मिष उठून चहा ठेवायला गेली आणि ते परत गेले.

मग सरांनी चष्मिषला शेवटची मुदत दिली. महिनाभरात एक्केचाळीस नंबरसारखा नमुना झाला नाही तर तिची जागा दुसऱ्याला. "दोष पदार्थात नाही," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "दोष मोजणाऱ्यात आहे."

आता इथे बाईंनी जे केलं ते प्रेमापोटी केलं, यात शंका नाही. पण माणूस सगळ्यात मोठा गाढवपणा प्रेमापोटीच करतो. त्या सकाळी त्यांनी वहीत नेहमीसारखं लिहिलं, नमुना दोनशे तीन, निवण्याची वेळ चाळीस मिनिटं. मग हात मोज्यांत घातले, ठसा तापवला, दहा मिनिटं मोजली आणि उचलला. त्याच बाजूला, तसाच ओढून. कडेला केसाएवढी सुरकुती आली. आपली चूक इतक्या कौशल्याने पुन्हा करणारा कारागीर दुसरा झाला नसेल.

नमुना चालला. चष्मिष मोजणीच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा चष्म्याच्या काचा धुकटल्या होत्या. तिने बाईंना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. बाईंना वाटलं, फिटलं.

कसलं फिटतंय! चष्मिषचा निबंध छापून आला, तिच्या एकटीच्या नावावर, कृतीसकट. कृतीत चाळीस मिनिटं. दूरदूरच्या प्रयोगशाळांनी तसं करून पाहिलं आणि कोणालाच काही मिळेना. त्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने लिहिलं, तुम्ही या आणि आमच्यासमोर करून दाखवा. चष्मिष आनंदाने निघाली. जाण्याआधी महिनाभर ती बाईंच्या शेजारी बसून हात साधत होती. बाईंनी तिला सगळं शिकवलं. पट्टी कशी दुमडायची, ठसा किती कलता धरायचा, श्वास कधी रोखायचा, आणि निवेपर्यंत चाळीस मिनिटं कसं थांबायचं. निघायच्या दिवशी त्या बसपर्यंत पोचवायला गेल्या. "बाई, तुमचा हात घेऊन चाललेय," चष्मिष खिडकीतून म्हणाली. बस सुटेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. सांगायला पाच मिनिटं पुरली असती.

तिथे तिने तीन आठवड्यांत नऊ नमुने केले. परक्या लोकांदेखत, हातात घड्याळ धरून, पुरती चाळीस मिनिटं थांबून. नऊच्या नऊ सपाट, सुंदर आणि निकामी.

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी समिती बसली. एक लांबडं टेबल, चार माणसं, पाण्याचे पेले. सरांनी लेखी दिलं की मी संशोधिकेवर विश्वास ठेवला होता. लंबूने पत्र धाडलं की माझ्या वेळचं मोजमाप चोख होतं, पुढचं मला ठाऊक नाही. मग निळी वही आली आणि बाईंना आत बोलावलं. चष्मिष टेबलाच्या टोकाला बसली होती. ती बाईंकडे बघून थोडी हसली, आपलं माणूस आल्यावर हसावं तशी.

अध्यक्षांनी विचारलं, "नमुना दोनशे तीन. इथे चाळीस मिनिटं लिहिलंय. अक्षर तुमचं?"

"हो."

"तुम्ही चाळीस मिनिटं थांबला होता?"

वही उघडीच होती. बाईंनी त्या पानाकडे पाहिलं. अक्षर वळणदार, शाई निळी, कुठे खाडाखोड नाही.

"वहीत आहे तसंच," बाई म्हणाल्या.

म्हणजे नमुना ठीक होता, कृती ठीक होती, आणि खोटे असणार ते चष्मिषचे आकडे. निबंध मागे घेतला गेला. चष्मिषने टेबल आवरलं, खोलीची किल्ली परत केली, आणि बाईंना कपाटातली स्वतःची सूक्ष्म चिमट्यांची जोडी देऊन गेली. "तुमच्या उपयोगी पडतील," एवढंच म्हणाली.

बाईंची झोप गेली. पेटीत हात घातले की ठसा हातात तसाच राहायचा. भिंतीवरची ती चौकट त्यांनी उतरवून कपाटामागे टाकली, तरी तिथे तिचा फिका चौकोन दिसायचाच. पाच महिने असे काढले आणि मग एक दिवस रजा टाकून त्या चष्मिषला शोधत गेल्या. ती एका शिकवणी वर्गात नववीच्या मुलांना विज्ञान शिकवत होती. दोन तासांच्या मधल्या वेळात ती बाहेर व्हरांड्यात आली. खडूने माखलेले हात, चष्मा कपाळावर.

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. शिपाई, गॅस, दहा मिनिटं, सुरकुती. मग दोनशे तीन. मग समिती. एकदाही थांबल्या नाहीत, कारण थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना माहीत होतं.

त्यांना वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला ओढला होता? लांब कडेकडे?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

चष्मिष भिंतीकडे वळली आणि खडूने भराभर लिहू लागली. बाण, दोन खळगे, काही आकडे. तिचा चेहरा बघता बघता उजळला. त्या जुन्या जेवणाच्या सुट्टीत होता तसा. "एक टक्काही नाही लागत," ती पुटपुटली. "बाई, वीज दऱ्या हलवतच नाही. ताण हलवतो. वीज फक्त दाणे भरते. म्हणजे हीच तर किल्ली आहे! हेच तर आपण शोधत..."

हात थांबला. ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राहिली. मग तिने पदरासारखी ओढणी ओढून हात पुसले. "त्या मोठ्या प्रयोगशाळेने मागच्या महिन्यात छापलंय," ती म्हणाली. "यंत्राने ओढून केलं त्यांनी. साऱ्या जगात गाजतंय. मी नुसतं निबंधाचं नाव वाचलं, पुढे वाचवेना." मग ती बाईंकडे वळली. "दुसऱ्यांदा का केलंत, बाई? पहिल्यांदा आई हरवली होती, समजू शकते. दुसऱ्यांदा का?"

"तुझ्यासाठी केलं गं."

"माझ्यासाठी काही करायचं होतं तर मला सांगायचं होतंत."

आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. बाई रडत होत्या. चष्मिषने त्यांना पाणी आणून दिलं, पण जवळ बसली नाही.

"मी लिहून देते," बाई म्हणाल्या. "समितीला. सरांना. सगळ्यांना."

"द्या," चष्मिष म्हणाली आणि वर्गात गेली.

त्या आठवड्यात बाईंनी चार पानं लिहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आधी करून मग लिहिलेली नोंद. तारीख, वेळ, तापमान, ओढल्याची दिशा, वही सकाळीच भरण्याची रीत, समितीपुढे बोललेलं खोटं. एक प्रत सरांना दिली. सरांनी पहिलं पान वाचलं, उरलेली उलटी ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता निवृत्तीला किती महिने राहिलेत तुमचे?" दुसरी प्रत समितीला टपालाने गेली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अर्धं पान. बाईंनी ते हातात धरूनच चष्मिषला फोन लावला.

"काय म्हणतात?" चष्मिषने विचारलं.

बाईंनी वाचून दाखवलं. प्रकरण निकाली निघाले आहे. इतक्या कालावधीनंतर केवळ स्मरणावर आधारलेल्या निवेदनापेक्षा त्याच दिवशी केलेली, आपल्याच हस्ताक्षरातील लेखी नोंद समिती अधिक विश्वासार्ह मानते.

पलीकडून मुलांचा गलका ऐकू आला. मग चष्मिष हसल्यासारखा आवाज आला.

"त्यांचं काय चुकलं, बाई?" ती म्हणाली. "मीही तीन वर्षं वहीच खरी मानली ना." आणि वर्गाची वेळ झाली आहे म्हणून तिने फोन ठेवला.